पट ३१, हजर ३१

१

मधी काही बोलू नको सिंधु, नुसतं ऐक. चहा निवला तर निवू दे.

तुला नांदेडला बसून येळवस कळायची नाही, म्हणून आधी तेवढं सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी लातूर रिकामं होतं. रिकामं म्हणजे, कर्फ्यूत निदान पोलीस तरी दिसतात रस्त्यात, इथं तेही दिसत नाहीत. सगळं गाव शेतात. आंबिलीचा माठ, भज्जी, खीर, उंडे, कडब्याची कोप, म्हणजे झोपडीच, करून तिच्यात पूजा. ज्याला शेत नाही त्याला दुसरा कुणीतरी ओढून नेतो. पैसे घेऊन फिरलीस तरी त्या दिवशी लातुरात कपभर चहा मिळायचा नाही.

मी बारावीसाठी तिथं, मला मृत्युंजय सरांनी त्यांच्या शेतात बोलावलं होतं. ते आमच्या क्लासचे मालक. चारशे पोरं, दर रविवारी टेस्ट. आणि त्याच दिवशी सर्वेश आला होता क्लासचा कॉम्प्युटर अपग्रेड करायला. सर्वेश माझा मामेभाऊ, तुला माहितीय. दोन वर्षं घरी बसून बसून मामीची बोलणी खाल्ली, मग कुठं नांदेडच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात चिकटला. हे त्याचं पहिलं बाहेरगावचं काम. ते मी मिळवून दिलेलं. मी. लक्षात ठेव.

मशीन पंचाक्षरी सरांचं. मृत्युंजय सरांचे मोठे भाऊ, आम्हाला फिजिक्स शिकवायचे, ऑक्टोबरात हार्टनं गेले. विंडोज अठ्ठ्याण्णव होतं त्याच्यावर, दिवसातून चारदा निळं होऊन गप्प बसायचं, नवा प्रिंटर ओळखायचंच नाही. सर्वेशनं रॅमची पट्टी वाढवली, एक्सपीची सीडी घातली, आणि पडद्यावर ‘३९ मिनिटं बाकी’ आलं तेव्हा बारा वाजले होते. म्हणाला, हे आता आपलं आपण होत राहतंय. ऑफिसला कुलूप लावलं, किल्ली सरांच्या घरात जिन्याजवळच्या खिळ्याला अडकवली. ऑफिस खाली, दोघा भावांचं घर वर, एकच इमारत.

शेतात लई मजा आली. एकच गोष्ट खटकली. तुळजाबाईनं, ती क्लासची झाडलोट करते, चिंचेला बारक्या पोरांसाठी झोका बांधला होता. सरांनी तो बघितला आणि काढायला लावला. का म्हणून कुणी विचारलंच नाही.

पाच वाजता परत आलो. अख्ख्या रस्त्यावर आमच्याच चपलांचा आवाज. सर्वेशनं कुलूप काढलं, मी त्याच्या मागं.

पडदा उजळलेला होता. मधोमध एक पिवळं रबरी बदक, बदकाच्या बाजूला नाव, पंचाक्षरी. नावाखाली इंग्रजीत बारीक अक्षरं: एक प्रोग्रॅम चालू आहे.

आणि काचेवर, बरोब्बर त्या नावाच्या वर, विभूतीचे तीन पट्टे. सर कपाळाला लावायचे तसे.

२

सर्वेशचं डोकं चालू होतं. नावाचं काही नाही म्हणाला, जुन्या सिस्टिममध्ये सरांचं नाव होतं, नव्या सिस्टिमनं ते उचललं, बदकाचं चित्र पण तीच चिकटवते. मला जरा बरं वाटलं. मग तोच थांबला. म्हणाला, पण शेवटी दोनचार ठिकाणी ‘नेक्स्ट’ दाबायला माणूस लागतो वैष्णवी. मी येईपर्यंत मशीननं तिथंच अडून बसायला पाहिजे होतं.

म्हणजे दुपारी त्या खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. कुलूप जसंच्या तसं.

त्यानं बदकावर क्लिक केलं. पासवर्ड मागितला. त्या मशीनला पासवर्ड कधी नव्हताच. बाजूला एक प्रश्नचिन्ह असतं बघ, ते दाबलं की ज्यानं पासवर्ड ठेवला त्यानं लिहून ठेवलेली खूण दिसते. दिसली. इंग्रजी अक्षरं, पण बोली आपलीच.

आज किती हजर?

सिंधु, माझ्या हातातला आंबिलीचा तांब्या खाली पडला. हे सरांचं वाक्य. वर्गात पाऊल टाकलं की पहिलं हेच विचारायचे.

सर्वेश दुसऱ्या नावानं मशीनमध्ये शिरला, तर प्रश्नांचं फोल्डर गायब. सरांनी नऊ वर्षं बसून टाईप केलेले सगळे टेस्टचे पेपर. ते प्रश्न तुला सांगायलाच पाहिजेत. बाकीच्यांच्या पेपरात ‘एक मुलगा’ असतो, ‘एक वस्तू’ असते. पंचाक्षरी सरांच्या पेपरात माणसं असायची, आणि ठरलेल्या नंबरावर ठरलेलं माणूस. सातव्या प्रश्नात दानम्मा. दानम्मा झोक्यावर बसली आहे, दोरी दोन मीटर, दोलनकाल काढा. चौदाव्यात मलप्पा चेंडू सरळ वर फेकतो. पेपर हातात पडला की मागच्या बाकावरून पोरं म्हणायची, दानम्मा अजून झोक्यावरच हाय का रे. त्यांच्या पेपरात कुणी कधी पडायचं नाही. उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा प्रश्न एकही नसायचा, तो पुस्तकातून करा म्हणायचे. आणि पेपराच्या तळाशी कोपऱ्यात छापलेलं असायचं: पट ३१, हजर ३१. आमची बॅच ऐंशीची. आम्हाला वाटायचं, कुठल्या तरी जुन्या पेपरातलं पुसायचं राहून गेलंय.

सर्वेशनं बॅकअप घेतला नव्हता. फ्लॉपीत मावत नव्हतं, सीडी लिहिणारं यंत्र नव्हतं, आणि होईल काय म्हणून त्यानं तसंच रेटलं. ही त्याची चूक, ती तो पण मान्य करून राहिला.

मृत्युंजय सर आले. त्यांनी ते तीन पट्टे बघितले आणि खाली बसले. सर्वेशकडं न बघता बोलले.

“मशीन तुझ्या ताब्यात होतं. रविवारी टेस्ट आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत प्रश्न दिसले पाहिजेत, न्हाईतर मी तुझ्या दुकानाला फोन लावतो.”

त्या दिवशी गुरुवार होता.

३

शुक्रवारी सकाळपर्यंत सगळ्या होस्टेलात झालं होतं की पंचाक्षरी सर येळवशीला मोकळं गाव बघून आले, आणि आपल्या खुर्चीत बसून गेले. दोन पोरी तर ऑफिसच्या बाजूच्या नळावर पाणी भरायला पण जाईनात.

माझा विश्वास चंद्रप्रभा मावशींवर. त्या आमची मेस चालवतात. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही, पण ताटात उरलेलं बघून कुणाच्या घरचं पत्र आलं न् कुणाचे मार्क गेले ते सांगतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पोळ्या लाटता लाटता. एकच विचारलं, भूत असेल तर त्याला पासवर्ड कशाला लागतो गं? मग म्हणाल्या, त्या घरात-ऑफिसात वावर असलेले जे तिघे शेतात शेवटपर्यंत नव्हते, त्यांना माझ्यापुढं बसव. मला एवढंच विचारायचंय की काल काय जेवले.

पहिली तुळजाबाई. ती आमच्यासोबतच शेतात होती, पण तीनला लौकर परत आली होती. वर पंचाक्षरी सरांच्या बायकोला डबा द्यायला. शेताची पूजा चुकवता येत नाही म्हणून मृत्युंजय सर गेले, पण बाईंचं वर्ष व्हायचंय ना, त्यांना सण नाही, चूल पण साधीच. तुळजाबाई म्हणाली, “वैनी एकल्याच पडून होत्या. डबा त्यांच्या उशाला ठिवला अन् आले. खाली कुलूप होतं का उघडं होतं ते म्या बघितलं न्हाई, सरळ घरला गेले.”

दुसरी शिवकन्या. पंचाक्षरी सरांची मुलगी, माझ्याच बॅचला. ऑक्टोबरपासून ती बोलायचीच बंद झाली होती. आंघोळ करून आली होती, कपाळावर ताजी विभूती. काय जेवलीस तर म्हणाली, घरीच होते दिवसभर, तुळजाबाईच्या हातातून मीच डबा घेतला, आईला वाढलं, मी जेवले. मावशींनी तिला एक पोळी जास्त वाढली. तिनं ती तशीच ठेवली.

तिसरे राघवेंद्र सर. बिलोलीचे, नोव्हेंबरात आले, पंचाक्षरी सरांच्या जागी. सरळ उभं गंध लावतात, फार व्यवस्थित माणूस. त्यांनी आपणहून सांगितलं की त्या फाईलींचं काम सोमवारपासून त्यांच्याकडंच यायचं होतं. अपग्रेड झालं की बसून सगळ्या प्रश्नांतली नावं काढायची, तिथं ‘एक मुलगा’ आणि ‘एक मुलगी’ घालायचं. मृत्युंजय सरांनी सांगितलेलं. जुनाट नावं आहेत, बाहेरच्या जिल्ह्यातल्या पोरांना चालणार नाहीत, असं त्यांना स्वतःला वाटत होतं. येळवशीला कुठं होता? तर म्हणाले, मी अमावस्येला कुणाकडं जात नाही. रूमवर वाचत होतो, दुपारी दोनला चौकातल्या खानावळीत गरम डाळभात खाल्ला, सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स काढल्या, परत येऊन झोपलो. झेरॉक्सचं पाकीट पण दाखवलं.

मावशींनी विचारलं, डाळ चांगली होती का. हाव म्हणाले, फोडणी छान होती.

मी स्वयंपाकघरात धावत गेले. सिंधु, तू पण ओळखलंस ना? येळवशीच्या दुपारी दोनला लातुरात डाळभात?

४

मी मावशींना म्हटलं, सापडला. हा सकाळपासून क्लासातच लपून बसला असणार, बाहेर आलाच नाही, म्हणून त्याला गाव बंद असल्याचा पत्ताच नाही. नवा माणूस, येळवस बघितलेली नाही, रोजच्यासारखं खोटं सांगून बसला. मी सर्वेशला उठवायलाच निघाले होते.

मावशी म्हणाल्या, “बस खाली. फोडणी छान होती म्हणाला तो. न खाल्लेल्या डाळीची फोडणी कुणी सांगत नाही. जेवला तो खरंच. कुठं जेवला ते बघ.”

झेरॉक्सचं पाकीट ते टेबलावरच विसरले होते. मागच्या बाजूला दुकानाचा जांभळा शिक्का. वजिराबाद, नांदेड. तुझ्या घराच्या दोन गल्ल्या पलीकडचं दुकान गं सिंधु.

मावशींनी त्यांना परत बोलावलं, आणि दुसरं काही न विचारता पाकीट पुढं सरकवलं. बिचारा चांगला घामेजला. पहाटेच्या एसटीनं ते नांदेडला गेले होते, तिथल्या एका नव्या क्लासमध्ये मुलाखतीला. दोन महिन्यांत नोकरी बदलतो म्हटल्यावर मृत्युंजय सर काय म्हणतील, म्हणून सगळा दिवस उचलून लातुरात आणून ठेवला. डाळ खरी, झेरॉक्स खरी, गाव तेवढं खोटं. सर्वेशनं एसटीडीवरून त्या क्लासला फोन लावला. चार वाजेपर्यंत राघवेंद्र सर तिथंच बसलेले होते म्हणाले. तिथून लातूर साडेतीन तास.

म्हणजे ज्याच्यावर बोट होतं तोच सुटला. मी म्हटलं, मावशी, आता उरलं कोण? सर्वेशच ना? शेवटचा हात त्याचाच होता.

मावशी हात पुसत म्हणाल्या, मला ती काच दाखव.

५

ऑफिसात कुणी जायला तयार नव्हतं, आम्ही दोघीच गेलो, भर बारा वाजता. बदक तसंच. ‘एक प्रोग्रॅम चालू आहे’ तसंच. मावशींनी आपलं बोट त्या पट्ट्यांजवळ धरलं. त्यांचं बोट पट्ट्यापेक्षा जाड. मग माझा हात ओढला. माझी तीन बोटं बरोब्बर बसली.

त्या म्हणाल्या, राख ओढायला हाताला वळण लागतं. उभं गंध लावणारा आडवे तीन पट्टे इतके सरळ ओढत नाही. पंचाक्षरीचं बोट तर केळ्याएवढं होतं, मी वाढलंय त्याला. कुलूप तुटलं नाही, किल्ली घरातल्या खिळ्याला. आणि तुळजाबाई म्हणते वैनी एकल्या होत्या, पोरगी म्हणते डबा मीच घेतला.

मला वर जावंसं वाटेना. ती माझ्या बाकावर बसते गं.

शिवकन्यानं नाही म्हटलंच नाही. आई झोपल्यावर ती खाली गेली होती, फक्त वडिलांच्या मशीनला नमस्कार करायला, कारण नव्या सिस्टिमनं सगळं पुसलं जाईल असं तिला वाटलं. खुर्चीत बसली. नेक्स्ट, नेक्स्ट दाबत गेली. आणि एकदम पडद्यावर अप्पांचं नाव आलं. ती म्हणाली, मला वाटलं त्यांनी दार उघडलं. सोमवारपासून पेपरातली नावं निघणार हे तिनं घरात ऐकलं होतं, म्हणून तिनं सगळं फोल्डर त्यांच्या नावाच्या आत नेलं आणि पासवर्ड ठेवला. मशीननंच विचारलं तिला, तुमचं सगळं खाजगी करू का? तिनं हो म्हटलं. उघडलेला पेपर तेवढा बंद करवला नाही तिच्यानं.

मावशींनी विचारलं, कशासाठी? ती आत गेली आणि एक हजेरीपट घेऊन आली. पुठ्ठा उकललेला. वर सन १९९३, इयत्ता दहावी, आणि त्यांच्या गावाच्या शाळेचं नाव. भूकंपानंतर ते गाव आता त्या जागी नाही. सर तिथं मास्तर होते. गणपती बुडाल्याच्या त्या रात्री बोर्डाचे फॉर्म भरायला हजेरीपट घेऊन लातूरला मुक्कामी होते, म्हणून तो वाचला आणि ते वाचले.

आत सत्तेचाळीस नावं. शेवटच्या पानावर सरांनी त्या रात्री गेलेल्यांची वेगळी यादी केलेली, एक ते एकतीस. मी बोटानं खाली आले. सात, दानम्मा. चौदा, मलप्पा.

सहा महिने मी दर रविवारी त्या पोरीचे हेलकावे मोजत होते. आम्ही सगळे. आणि हसत होतो.

मी म्हटलं, अगं शिवकन्या, कॉपी काढून ठेव ना तुझ्याकडं, आणि फाईल देऊन टाक, माझ्या भावाची नोकरी जातेय. ती म्हणाली, “पेटीत ठेवलेली हजेरी कोण घेतं, वैष्णवी? चारशे पोरं नाव वाचतात, तेव्हा ते हजर होतात.”

६

शनिवारी संध्याकाळी ऑफिसात सगळे. मावशींनी एकेक करत सगळं उलगडून सांगितलं, आवाज न चढवता. राघवेंद्र सर खाली मान घालून. शिवकन्या दारात, हजेरीपट छातीशी. मला वाटलं मृत्युंजय सर तिच्यावर ओरडतील. ते नुसते विचारत राहिले, पासवर्ड काय आहे. ती म्हणाली, सांगणार नाही काका. तुम्ही त्यांना पुसणार.

सर्वेश म्हणाला, जबरदस्तीनं उघडायचा प्रयत्न करतो, पण आतलं शाबूत राहील का, मला खरंच माहीत नाही. सर म्हणाले, उद्या चारशे पोरं येणार, कोरा कागद देऊ का? मशीन तू बिघडवलंस, फोन मी लावणारच.

तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, सर, नावंच आहेत ना ती, राहू द्या की. तुमच्या भावानं नऊ वर्षं जपली.

सरांनी फोनवरचा हात काढला. माझ्याकडं बघितलं, आणि मला चिंचेवरून सोडलेला तो झोका आठवला. ते बोलायच्या आधीच मला कळलं.

“दानम्मा माझी पोरगी,” ते म्हणाले. “आजीजवळ ठेवली होती गावात, शाळा चांगली म्हणून. नऊ वर्षं झाली, ती झोक्यावरच हाय. दर रविवारी चारशे पोरं तिचे झोके मोजतात. मी बाहेर व्हरांड्यात उभा राहून ऐकतो. अण्णाला जिवंतपणी बोलायची हिंमत झाली न्हाई माझी. आता तरी उतरू द्या की तिला खाली.”

शिवकन्या हजेरीपट घट्ट धरून रडत होती, पण मागं हटली नाही. सर्वेश माझ्याकडं बघत होता. त्याला माहीत होतं की मला कळलंय, लहानपणापासून माझा चेहरा वाचतो तो. आणि कळलंच होतं गं, आदल्या दुपारीच, ती यादी बघताना. आज किती हजर? दर पेपराच्या कोपऱ्यात उत्तर छापलेलं होतं.

मी खुर्चीत बसले. विभूती काचेवर तशीच होती. बदकावर क्लिक केलं, पांढरी चौकट उघडली. उघडलं तर सर्वेश सुटतो, एक बाप सुटतो, आणि सोमवारी एकतीस पोरं ‘एक मुलगा’ आणि ‘एक मुलगी’ होतात. नाही उघडलं तर ती हजर राहतात, कुलपाच्या आत, आणि दानम्मा झोक्यावर.

मागून सरांनी हळूच विचारलं, “तुला येतंय का गं?”

मी तीन दाबला. चौकटीत एक काळा ठिपका पडला. एकच आकडा उरला होता.

आता बोल सिंधु. त्या खुर्चीत तू असतीस, तर तू काय केलं असतंस?